पडल्यावर हात वर

माझा भाऊ पोटासाठी पडायचा. लोक पोटासाठी काय काय करतात, कोणी शिकवतं, कोणी शिवतं, कोणी दुसऱ्यांच्या भिंती रंगवतं. हा पडायचा. गच्चीवरून, जिन्यावरून, धावत्या ट्रकवरून, काचेच्या खिडकीतून. पडद्यावर तो पडलेला माणूस दरवेळी दुसराच कोणीतरी असायचा, कधी हिरो, बहुतेक वेळा हिरोच्या हातचा मार खाणारा गुंड. भावाचं तोंड आजवर एकाही सिनेमात दिसलेलं नाही, पण त्याची पाठ सगळ्यांनी पाहिलेली आहे.

आणि मी त्याच्यासाठी खोकी रचायचे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई गोदामात कामाला होती. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर लावायचे, मध्ये हवेला जागा सोडायची, खोक्यांचे कोपरे कापायचे म्हणजे ती चटकन दबतात, वर गाद्या टाकायच्या आणि सगळ्याला भोवतून दोर आवळायचा. खोकं चिरडतं आणि माणूस वाचतो, एवढंच ते शास्त्र. आमचे वडील फाइट मास्टर होते. त्यांनी मुलाला पडायला शिकवलं आणि मुलीला खोकी रचायला. मलाही पडायचं होतं, पण ते म्हणायचे, तू रागीट आहेस, रागीट माणूस पडताना अंग सैल सोडत नाही. तेव्हा मला त्याचाही राग आला होता.

भावाला सगळे ढेकूळ म्हणत. बाकीचे पडणारे हवेत हातपाय झाडायचे, किंचाळायचे, जमेल तेवढा अभिनय करून घ्यायचे. हा निमूटपणे धप्पकन यायचा. प्रेक्षकांच्या पोटात गोळा यायचा तो त्या धप्प आवाजानेच.

वडिलांचे नियम दोन. ज्याने खोकी रचली त्याने खोक्यांच्या काठावर बसायचं, अगदी हाताच्या अंतरावर. रचण्यात चूक झाली असेल तर पडणारा एकटा भोगणार नाही, त्याच्या लाथा-कोपरं रचणाऱ्यालाही लागतील. दुसरा नियम, पडल्यावर हात वर. आधी हात, मग श्वास. पडलेला माणूस गाद्यांत रुतलेला असतो, धुळीने माखलेला असतो, बाजूला काहीतरी जळत असतं, कोणीतरी ओरडत असतं. त्याचं काय झालंय हे कळायला दुसरा मार्ग नसतो. हात वर आला म्हणजे मी आहे. तो दिसेपर्यंत सेटवर टाळी वाजवायची नाही, ‘वा’ म्हणायचं नाही. हा हात कॅमेऱ्यासाठी नसायचाच, एडिटर तो कापून टाकायचा. हात असायचा काठावर बसलेल्या माणसासाठी, म्हणजे माझ्यासाठी. जुन्या सिनेमांत कधीकधी कात्री थोडी उशिरा लागलेली असते आणि मेलेल्या गुंडाचं कोपर किंचित हलतं. थिएटरात ते दिसलं की आम्ही दोघं भावंडं खिदळायचो आणि पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे.

आता सिनेमात कोणी पडत नाही. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्तच पडतात, ढिगाने पडतात, पण त्यात माणूस नसतो. हिरो नुसता खांदा उडवतो आणि गुंडांची फौज उडून इमारतीच्या त्या टोकाला जाते. इमारत कोसळते, हिरो त्यातून बाहेर येतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडलेली नसते. धूळसुद्धा कॉम्प्युटरमधली, म्हणून कोणी खोकत नाही. मागच्या वेळी मी असा एक सिनेमा बघायला गेले तर शेजारचा माणूस सबंध मारामारीभर मोबाइलवर चपलांचे भाव बघत होता. मला त्याचा राग नाही आला. मी त्याच्या जागी असते तर मीही चपलाच बघितल्या असत्या. राग आला तो पडद्याचा. एवढी माणसं मारता आणि एकाचंही वजन जाणवू देत नाही, लाज वाटायला हवी.

स्टुडिओच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे आम्ही सगळे कामाची वाट बघत बसायचो. ती शेड हळूहळू रिकामी झाली. एकाने टॅक्सी घेतली, एक जिममध्ये लोकांकडून वजनं उचलून घेतो. शिडी नावाचा एक उंच माणूस होता, घोड्यावरून त्याच्यासारखं कोणी पडत नसे. तो आता मॉलमध्ये रबरी पोशाख घालून मुलांबरोबर फोटो काढत उभा असतो. ज्या हिरोच्या जागी माझा भाऊ वर्षानुवर्षं पडला, त्या हिरोने मशीनमध्ये उभं राहून स्वतःचं अंग चारी बाजूंनी मोजून घेतलं. आता त्याचा डुप्लिकेटही तोच. एकदा स्टुडिओच्या फाटकात आम्हा दोघांना बघून त्याने गाडीची काच खाली केली आणि भावाला म्हणाला, “ढेकूळ, तुझी फार आठवण येते रे.” भाऊ घरी येऊन ते सगळ्यांना सांगत बसला. काच लगेच वर गेली, हे त्याने सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

मग त्या कंपनीचा फोन आला. त्यांच्याकडे मोठा हॉल होता, भोवती कॅमेरे होते, आणि त्यांना पडणं हवं होतं. एका सिनेमासाठी नाही, साठा करून ठेवायला. जिन्यावरून पडणं, पाठीवर पडणं, गोळी लागून पडणं, दारू पिऊन पडणं. भावाने एकदा पडायचं, मशीन ते टिपून घेणार, मग पुढे वाटेल त्या सिनेमात वाटेल त्याला ते चढवता येणार.

“म्हणजे तू त्यांना सगळं पडणं देऊन टाकणार,” मी म्हणाले. “मग तुला बोलावणार कोण? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालायस.”

“ताई, आता तरी कोण बोलावतंय?”

भावजय भांडी पुसत होती. ती त्याच्या बाजूने होती. तिचंही चूक नव्हतं, इतकी वर्षं नवरा कामावरून धडधाकट येईल की नाही या काळजीत तिने काढली होती. “ताई, तिथे ना उंची, ना काच, ना आग,” ती म्हणाली. “माणसाच्या उंचीवरून गादीवर पडायचं. आपली मुलं पलंगावरून तेवढं पडतात. जाऊ दे ना त्यांना. घरी बसून सोफ्यावरून पडून दाखवतात, सोफ्याचे दोन पाय मोडलेत.”

मी म्हणाले, जातोस तर मी येणार. तो म्हणाला, तू तर येणारच.

हॉल आतून काळा होता. छताला गोल कडं आणि त्याला सगळीकडून कॅमेरे. मध्ये एक चौथरा, त्यावरून पडायचं, खाली पातळ निळ्या गाद्या. मी माझ्या सवयीप्रमाणे खोकी कुठे आहेत विचारलं. हॉलची प्रमुख एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिला सगळे मॅडम म्हणत, आणि ती आम्हाला काका-मावशी म्हणत होती. आवाज मऊ, वागणं आदबीचं. मला तिच्यावर चिडायचं होतं आणि ती संधीच देत नव्हती.

“खोकी नाही चालणार, मावशी. त्यात काका बुडाले की कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आणि उंची आम्ही नंतर वाढवतो. चौथऱ्यावरून पडले तरी दहा मजल्यांवरून पडल्यासारखं दिसेल.”

“मग नुसतं दिसायचंच असेल तर तुमच्या मशीनलाच पाडा की. माझा भाऊ कशाला?”

“मशीनला पडता येत नाही ना,” ती म्हणाली. “आम्ही करून बघितलं. सगळे उशीसारखे पडतात. म्हणून तर काकांना शोधत आलो.”

भाऊ विरघळला. त्याची एवढी स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती, वडिलांनी तर नाहीच. त्यांनी त्याला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख दिला, त्यावर जागोजागी पांढरे ठिपके. पोट पुढे आणि अंगभर कांजण्या आल्यासारखा तो चौथऱ्यावर चढला. मी गाद्यांच्या काठावर बसायला गेले तर मला उठवलं, कॅमेऱ्यात येता म्हणून. काचेपलीकडच्या खोलीत खुर्ची दिली. तिथे पडद्यावर एक राखाडी बाहुला होता, त्याला तोंड नव्हतं. भाऊ हलला की तो हलायचा.

भाऊ पाठीवर पडला. काचेतूनही मला तो धप्प आवाज ऐकू आला. आणि लगेच त्याचा हात वर आला. पडद्यावर राखाडी बाहुलाही पडला आणि त्यानेही हात वर केला. कॉम्प्युटरवर बसलेली पोरं हसली.

“काका, मस्त. फक्त हात नको. तुम्ही मेलायत.”

“हो हो, सॉरी,” भाऊ म्हणाला. पुन्हा पडला. पुन्हा हात. दिवसभर तेच चाललं. पाठीवर पडून हात, कुशीवर पडून हात, गोळी लागून हात. त्यालाच कळत नव्हतं तो कधी वर जातोय ते. शेवटी त्यांनी त्याचा हात मांडीला चिकटपट्टीने बांधला, तर त्याचा तोल गेला आणि खांद्यावर वेडंवाकडं आदळला. चिकटपट्टी सोडावी लागली.

मॅडम माझ्याजवळ येऊन बसली. “मावशी, हे मशीन काकांकडून शिकणार आहे. उद्या युद्धाचा सीन केला आणि हजार सैनिक पडले, तर हजारही जण हात वर करतील.”

मला ते दृश्य इतकं आवडलं की मी मोठ्याने हसले. रणांगणभर मेलेल्यांचे हात वर, आम्ही आहोत म्हणून सांगणारे. तसा सिनेमा काढा, मी तिकीट काढून बघेन, असं मी तिला म्हणाले. ती हसली नाही. हुशार होती. तिचं लक्ष होतं की भाऊ कुठल्याही बाजूला पडला तरी हात काचेच्या दिशेने, माझ्या दिशेने वर करत होता.

“तुम्ही जरा बाहेर बसाल का?” तिने विचारलं. “नाहीतर मला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल. माझ्यावरही वरून दबाव आहे.”

मी काचेतून भावाकडे बघितलं. स्पीकर चालूच होता, त्याने ते ऐकलं होतं. “जा ना ताई,” तो म्हणाला. “बस ना बाहेर.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गेले. कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी एक बाक होता, त्यावर बसले. माझ्या अख्ख्या आयुष्यात भाऊ पडत असताना मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला कधी बसले नव्हते. सेटवर ताप अंगात घेऊन गेलेय, लेक पोटात असताना गेलेय. आणि आता ना उंची, ना आग, तर मी कॉफीचे कागदी पेले मोजत होते.

त्या आठवड्यात एकदा मी भावाच्या घरी गेले तर बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकलेली. भाऊ स्टुलावरून पडत होता आणि भावजय खुर्चीत मुलांची फूटपट्टी घेऊन बसली होती. हात वर आला की ती मनगटावर पट्टी मारायची. दोघं हसून हसून बेजार झाले होते. त्या दोघांना इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तरी मला त्या हसण्याचा संताप आला.

“बघ हं ताई,” भाऊ म्हणाला, स्टुलावर चढला आणि पडला. पडून राहिला. हात जिथल्या तिथे. छाती वरखाली होत नव्हती, पापणी हलत नव्हती. मग उठून बसला, चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. “सुटली बघ सवय.”

“सवय?” मी म्हणाले. “सवय नखं खायची असते. विडी ओढायची असते. हात वर करायला वडिलांनी काय शोभेसाठी शिकवलं होतं? मूर्खा, तुला काही झालं तर कळणार कसं?”

“काय होणार आहे तिथे?”

“काही होईल म्हणून नाही करायचा हात. तू आहेस हे सांगायला करायचा.”

“कोणाला सांगू?” त्याचं हसू गेलं होतं. “काठावर तू नसतेस आता. तिथे कोणीच नसतं, ताई. सगळे काचेपलीकडे. मी उठतो तेव्हासुद्धा कोणी माझ्याकडे बघत नसतं, त्या बाहुल्याकडे बघत असतात. कोणाला हात दाखवू?”

“तरी दाखव.”

“आणि काम गेलं म्हणजे?”

मी म्हणाले, जाऊ दे काम, चुलीत घाल तसलं काम. भावजयीने पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, “ताई, चुलीत घालायला काही उरलंय का आमच्या घरात?” मी चपला घातल्या आणि निघून आले. जिन्यातून उतरताना वरून पुन्हा धप्प आवाज आला. पुन्हा सराव सुरू झाला होता.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशीही मी गेले होते. बोलत नव्हते त्याच्याशी, पण गेले होते. बाकावर बसले. आतून धप्प, मग शांतता, मग ‘ओके’. पुन्हा धप्प. मला आवाजावरून कळत होतं, पाठीवर, कुशीवर, गुडघ्यांवर येऊन मग तोंडावर. मग एक आवाज आला, त्याला धप्प म्हणता येणार नाही. कोरडा आवाज. जमिनीचा.

मी उठून उभी राहिले. आणि आत टाळ्या वाजल्या.

आमच्यात हात दिसल्याशिवाय टाळी वाजत नाही. त्यामुळे क्षणभर, देवाशपथ सांगते, मी खाली बसले. टाळ्या वाजल्या म्हणजे हात वर आला असणार, असं माझ्या डोक्याने धरलं. इतकी वर्षं मुरलेलं माझंही डोकं होतं. मग लक्षात आलं की इथे हात न आल्याबद्दलच टाळ्या वाजवतात, आणि मी दार ढकललं.

सगळे पडद्याकडे बघत होते. मॅडमचे डोळे भरून आले होते. “मावशी, बघा ना,” ती म्हणाली, “काकांनी काय केलंय बघा.” पडद्यावर राखाडी बाहुला पडला होता आणि खरोखर मेल्यासारखा पडला होता. काचेपलीकडे माझा भाऊ तसाच पडला होता आणि त्याच्याकडे एकही माणूस बघत नव्हता.

मी आत धावले. निळ्या गाद्या सरकल्या होत्या. दोन गाद्यांच्या मध्ये फट पडली होती, चांगली टीचभर, आणि त्याची मान त्या फटीत होती.

“ढेकूळ, हात,” मी ओरडले. “हात वर कर.”

त्याचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडे बघत होता. हात आला नाही.

“जमलं ना?” तो म्हणाला.

मी त्याचं डोकं कोणाला हलवू दिलं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्या कानाशी बसून राहिले आणि बसल्या बसल्या विचारत राहिले, गाद्या कोणी लावल्या? कोणी लावल्या गाद्या? एकाकडे बघितलं तर तो दुसऱ्याकडे बघायचा. ते लपवत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेवटी एक जण म्हणाला, “त्या इथे असतातच.” कोणी लावल्याच नव्हत्या. त्या नुसत्या असायच्या. तो दिवसभर त्यांच्यावर पडत होता, त्या इंचाइंचाने सरकत होत्या, आणि त्या जागेवर आहेत की नाहीत हे बघणं कोणाचंच काम नव्हतं. कोणाची चूक असती तर मी त्याची गचांडी धरली असती. माझे हात शिवशिवत होते आणि धरायला गचांडी नव्हती.

मानेचा मणका. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोलता येईल, पण खांद्याखाली काही सांगता येत नाही. बोटं कदाचित हलतील, कदाचित नाही. भावजय हे ऐकून खुर्चीत बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी तिला एक शब्द बोलले नाही. ती स्वतःशीच म्हणत होती, मी पट्टीने मारायचे, मी पट्टीने मारायचे.

मॅडम भेटायला आली. फळं घेऊन आली, रडली. कंपनीच्या वतीने एक माणूसही आला होता. तो सारखा म्हणत होता की काकांनी थांबा म्हटलं नाही, काकांनी काही त्रास होतोय असं सांगितलं नाही. मी त्याला म्हणाले, बाहेर हो. तो झाला. मॅडम थांबली.

“ते शेवटचं पडणं अजून मशीनमध्ये आहे,” ती हळू म्हणाली. “कंपनी ते वापरणार. पण तुम्ही नको म्हणालात तर मी काढून टाकते. माझ्या हातात आहे तोवर.”

“काढ,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काढ.”

“ठेव,” पलंगावरून भाऊ म्हणाला.

“तू गप्प बस.”

“ताई, पडलो मी. तू नाहीस. ठेव ते, मॅडम.”

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि हलवता येत नव्हतं. “तुझी मान मोडलीय त्यात,” मी म्हणाले. “आणि ते लोक तीच मान हजार जणांना लावून विकणार. लोक मोबाइल बघत बघत ते बघणार.”

“तू बघितलंस का, कसं पडलो?”

“मी तुला बघत होते.”

“एकदा बघ ना.”

मॅडमने मोबाइल पुढे केला. मला बघायचं नव्हतं. पण त्याचे डोळे माझ्यावर होते आणि डोळेच तेवढे हलत होते, म्हणून बघितलं. राखाडी बाहुला चौथऱ्यावर उभा होता. गोळी लागली, आधी गुडघा गेला, मग खांदा वळला, अंग असं सुटलं की त्याच्या आत कोणी राहिलंच नाही. वडील आयुष्यभर सांगायचे, अंग सोड, अजून सोड, आणि कधीही समाधानी व्हायचे नाहीत. इतकं चांगलं पडताना मी कोणालाही पाहिलेलं नव्हतं.

“छान पडलास,” मी म्हणाले. ते खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच मला सहन होत नव्हतं. त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि बेसिनचा नळ पूर्ण सोडून तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. कंपनीला, हिरोला, चपला बघणाऱ्या त्या माणसाला, वडिलांना. भावालाही.

हॉल बंद झाला नाही. मला वाटलं होतं, निदान काही दिवस तरी कुलूप लावतील. शिडीने मला फोन केला, आवाज पडलेला. त्याला बोलावलं होतं. “तू नको म्हणालीस तर नाही जात,” तो म्हणाला. मी विचारलं, मॉलमधलं काम? तो म्हणाला, तिथे आता पुतळा ठेवलाय. मी त्याला जा म्हणाले.

शिडीला बोलावलं होतं त्या दिवशी मीही गेले. दारावरच्याला वाटलं भावाच्या वस्तू न्यायला आलेय, त्याने आत सोडलं. शिडी ठिपक्यांच्या पोशाखात चौथऱ्यावर उभा होता, पोशाख त्याला घोट्याच्या वर आखूड. मी कोणाला काही विचारलं नाही. खाली वाकले आणि गाद्या ओढायला लागले. कडेला कडा भिडवली, खाली दुसरा थर सांधा चुकवून घातला, पिशवीतून दोर काढला आणि चारी बाजूंनी आवळला. मग काठावर बसले, शिडीकडे तोंड करून.

स्पीकरवरून मॅडमचा आवाज आला. “मावशी, तुम्ही कॅमेऱ्यात येताय.”

“येऊ दे.”

“सगळा डेटा खराब होईल, मावशी. प्लीज.”

“कॉम्प्युटरवर शहरं पुसता ना तुम्ही?” मी काचेकडे बघून म्हणाले. “डोंगर पुसता, समुद्र पुसता. मग एक बाई पुसा. मी काही समुद्रापेक्षा मोठी नाही.”

काचेपलीकडे कुजबुज झाली. कंपनीचा तो माणूस बाहेर आला, माझ्याजवळ उभा राहिला, मला हात लावायचं त्याला धाडस होईना. त्याने कोणाला तरी फोन लावला. मग काचेपलीकडून मॅडम म्हणाली, “असू दे. घ्या टेक.” तिने ते माझ्या बाजूने म्हटलं की मी कटकट करू नये म्हणून, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

शिडी पडला. घोडा नसतानाही घोड्यावरून पडल्यासारखा पडला, लांबलचक, माझ्या गुडघ्याला त्याचं कोपर लागलं. गाद्या इंचभरही सरकल्या नाहीत. तो निश्चल पडून राहिला. त्यालाही सांगितलेलं होतं, हात नाही. त्याच्या छातीतला श्वास मला दिसत होता, तो ठीक होता हे मला चांगलं कळत होतं. काचेपलीकडे कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले.

“हात,” मी म्हणाले.

शिडीने डोळे किलकिले केले. “अगं, टेक चालू आहे,” तो ओठ न हलवता पुटपुटला.

“शिडी, हात वर कर. नाहीतर मी इथून उठणार नाही आणि तुलाही उठू देणार नाही.”

त्याने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा लांब हात सावकाश वर आला आणि वरच राहिला.

स्पीकर खरखरला. “हा टेक गेला,” मॅडम म्हणाली. “पुन्हा घ्यावा लागेल.”

“घ्या,” मी म्हणाले.